मीटरवर ७२ हजार, इंजिनाच्या हिशेबी अडीच लाख : जर्मन सात-आसनी गाडीची मुंबईतील आठ वर्षे

आमची गाडी पाहणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो : "ॲव्हरेज किती देते?" शहर आणि गाव मिळून लिटरला नऊ, असे मी सांगतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीची कणव स्पष्ट दिसू लागते. वस्तुतः आठ वर्षांत या गाडीवर जो खर्च झाला, त्यात डिझेलचा वाटा रुपयात जेमतेम सहा पैशांचा आहे. उरलेले चौऱ्याण्णव पैसे कुठे गेले, ते माझ्या वहीत तारीखवार लिहिलेले आहे. हा हिशेब गाडी घेण्यापूर्वी मला कोणी दाखवला असता, तरी मी गाडी घेतलीच असती. पण ती वेगळ्या रीतीने सांभाळली असती, म्हणून हे लिहितो आहे.

गाडी एका जर्मन कंपनीची सात-आसनी डिझेल एसयूव्ही आहे. तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना एअर सस्पेन्शन आणि रिकामी असताना सुमारे २४०० किलो वजन. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच गाडीच्या अनुभवावरून एखाद्या कंपनीला बरे-वाईट ठरवणे मला पटत नाही. २०१७ च्या दसऱ्याला ती दादरला आमच्या दारात आली. त्याच महिन्यात मोठ्या एसयूव्हींवरील उपकर १५ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेला होता, म्हणजे जीएसटी धरून ५० टक्के कर. आमच्या मुहूर्ताने आम्हाला हे एवढे दिले. शोरूमची किंमत सुमारे ७८ लाख आणि त्यावर वीस लाखांपेक्षा महाग डिझेल गाडीला महाराष्ट्रात लागणारा १५ टक्के रस्ता कर, म्हणजे ११ लाख ७० हजार. आमच्या सीएंनी गाडी कारखान्याच्या नावावर घ्यावी असे सुचवले होते, कारण आयकरात दरसाल १५ टक्के घसारा मिळतो. पण कंपनीच्या नावावरील गाडीला हाच रस्ता कर २० टक्के पडतो आणि प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही, हे मांडून पाहिल्यावर ती माझ्याच नावावर घेतली.

आज या गाडीला सेकंडहँड बाजारात १७ लाख रुपये मिळत आहेत. मागच्या वर्षी हाच आकडा १९ होता. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर जाऊन मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि माझ्या जुन्या गाडीचे दोन लाख एका महिन्यात उतरले. म्हणजे आठ वर्षांत निव्वळ किमतीतली घट ७२ लाख ७० हजारांची. दिवसाला जवळजवळ अडीच हजार रुपये, गाडी जागेवरून हलो वा न हलो. त्यात देखभालीचे १५ लाख २० हजार, विम्याचे १३ लाख ४० हजार आणि डिझेलचे ६ लाख ८० हजार मिळवले की एकूण १ कोटी ८ लाखांचा आकडा येतो. ७२ हजार किलोमीटरांनी भागले तर किलोमीटरला दीडशे रुपये. पार्ल्याला मावशीकडे जाऊन यायचे म्हणजे साडेतीन हजार रुपये. मावशीला हे अजून सांगितलेले नाही. ड्रायव्हरचा पगार, पार्किंगचे पैसे आणि कर्जावरील व्याज यात धरलेले नाही.

परंतु किलोमीटरने भागण्याची ही रीतच मुंबईत फसवी आहे, आणि हे मला गाडीने नव्हे तर कारखान्यातल्या जनरेटरने शिकवले. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचे एक लहान युनिट आहे आणि तिथल्या डीजी सेटवर तासांचे मीटर आहे. तेल केव्हा बदलायचे, फिल्टर केव्हा बदलायचे, हे सगळे त्या तासांवर ठरते. सहाव्या वर्षी एका संध्याकाळी सायनच्या सिग्नलवर पंचवीस मिनिटे एका जागी उभा असताना माझे लक्ष डॅशबोर्डवरच्या सरासरीच्या आकड्याकडे गेले. गाडी घेतल्यापासून मी तो कधीच शून्यावर आणलेला नाही. आज तिथे ७२ हजार किलोमीटर आणि ताशी १८ किलोमीटर सरासरी वेग असे दिसते; त्यात कोकणच्या सगळ्या फेऱ्याही आल्या. ७२ हजाराला १८ ने भागले की चार हजार तास होतात. हेच इंजिन तेवढेच तास मोकळ्या महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने चालले असते, तर मीटरवर २ लाख ४० हजार दिसले असते.

हा आकडा एकदा कळला की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. कंपनीच्या पुस्तिकेत सर्व्हिस वर्षातून एकदा किंवा १५ हजार किलोमीटरला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, असे लिहिले आहे. आमचे वर्षाचे चालणे नऊ हजार, त्यामुळे तेल वर्षातून एकदाच बदलले जात होते, म्हणजे पाचशे तासांनी. आणि त्यातले बरेचसे तास इंजिन थंड किंवा कोमट असताना, एसी चालू ठेवून, जागच्या जागी गेलेले. सहाव्या वर्षी गाडीचा जोर कमी वाटू लागला म्हणून धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि हवा आत घेणारी नळी, म्हणजे इनटेक, उघडले, तेव्हा आतल्या वाटेत काजळी आणि तेल यांचा डांबरासारखा थर साचून ती निम्मी झाली होती. सफाईला ३८ हजार लागले. त्यानंतर मी तेल सहा महिन्यांनी बदलू लागलो आणि महिन्यातून एका रविवारी पहाटे गाडी एक्सप्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत नेऊन आणू लागलो. घरच्यांना तो चिक्कीचा बहाणा वाटतो.

ज्यांची गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ प्रदूषण मानकाची डिझेल आहे, त्यांना तर हे अधिकच लागू पडते. तिच्यातला धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर स्वतःतली काजळी जाळून साफ होतो. पण त्यासाठी त्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते आणि ते दादर ते परळ या अंतरात जात नाही. जळणे अर्ध्यावर तुटत राहिले की फिल्टर तुंबतो. शहरातच फिरणाऱ्या कुटुंबाने आज या वर्गातली गाडी घ्यायची असेल, तर डिझेलचा हट्ट धरू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिली पाच वर्षे मात्र काहीच घडले नाही, हेही तितक्याच ठळकपणे लिहिले पाहिजे. सुरुवातीला घेतलेले सर्व्हिस पॅकेज २ लाख १० हजारांचे आणि नंतर दोन वर्षांची वाढीव वॉरंटी १ लाख ८० हजारांची. या काळात चौथ्या वर्षापासूनची नेहमीची सर्व्हिस, टाळेबंदीत उभी राहून संपलेली बॅटरी आणि टायर सोडले, तर खिशातून एक रुपयाही गेला नाही. वाढीव वॉरंटी संपल्यावर सात महिन्यांनी एका सकाळी वॉचमनने इंटरकॉमवरून सांगितले, "साहेब, गाडी बसलीये." खाली जाऊन पाहिले तर मागचा उजवा कोपरा इतका खाली गेला होता की टायरचा वरचा भाग मडगार्डच्या आत दिसेनासा झाला होता. इंजिन सुरू केले, कंप्रेसर घरघरला, गाडी हळूहळू उठली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसली.

एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेली रबरी पिशवी असते. गॅरेजमध्ये तिला बलून म्हणतात. माझी आई शहात्तर वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. एक बटण दाबले की गाडी तिच्यासाठी खाली वाकते, ती बसली की पुन्हा वर उठते. ही एक सोय या गाडीतल्या सगळ्या चामड्या-लाकडापेक्षा आमच्या घराला अधिक मोलाची वाटत आली आहे. पण रबर किलोमीटर मोजत नाही. ऊन, पाऊस, चिखल आणि रोजची वर-खाली यांनी त्याच्या घडीवर बारीक चिरा पडतात. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी साबणाचे पाणी फवारून टॉर्च धरली, तेव्हा त्या घडीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येताना मला दाखवले. खरे नुकसान इथून पुढे होते : हवा गळत राहते, उंची राखण्यासाठी कंप्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी तोही जळतो. मी तीन आठवडे चालढकल केली, म्हणून दोन बलूनच्या खर्चात कंप्रेसरची भर पडली. अधिकृत वर्कशॉपचे एस्टिमेट ३ लाख ४० हजारांचे होते; बाहेर तेच काम १ लाख ५५ हजारांत झाले.

बाहेर म्हणजे कुठे, हा या वर्गातल्या प्रत्येक मालकाचा खरा प्रश्न आहे. अधिकृत वर्कशॉपमधली वागणूक उत्तम, कॉफी चांगली, पण सर्व्हिस ॲडव्हायझरच्या हाती दुरुस्तीचे एकच शस्त्र, ते म्हणजे संपूर्ण असेंब्ली बदलणे. जर्मन गाड्यांचेच काम करणारी स्वतंत्र गॅरेजेस मुंबईत आता बरीच आहेत. त्यांच्याकडे कंपनीचे नाव कोरलेल्या डब्याऐवजी तोच पार्ट मूळ बनवणाऱ्याच्या डब्यात मिळतो. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा जोड अशा डब्यातून आला, तेव्हा गाडीच्या कंपनीचे चिन्ह जिथे असायला हवे तिथे ते ग्राइंडरने घासून काढलेले होते. वस्तू तीच, साचा तोच, किंमत निम्म्याच्या जवळपास. पुढचे आर्म आणि त्यांच्या सांध्यातले रबरी बुश यांचे एकूण १ लाख ३० हजार झाले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात हे खरे, आणि आरशाचे कव्हर किंवा आतले प्लॅस्टिक तिथून घ्यायला हरकत नाही. पण ब्रेक आणि सस्पेन्शन तिथून घेऊ नये. एक सावधगिरी मात्र बाळगावी : वॉरंटी चालू असेपर्यंत बाहेरचा हात लावू देऊ नये, आणि नंतर बाहेर गेल्यावर प्रत्येक बिल, शक्य तर जुना काढलेला पार्टसुद्धा, मागून घ्यावा.

गिअरबॉक्सच्या बाबतीत अधिकृत उत्तर असे मिळाले की त्यातले तेल आयुष्यभराचे असते. कोणाच्या आयुष्यभराचे, हे विचारावेसे वाटले. अशा आठ-गिअरी पेट्या अनेक गाड्यांना पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलावे असे सांगते. मी सातव्या वर्षी बदलून घेतले, फिल्टरसह ४६ हजार लागले. निघालेले तेल काळेभोर होते आणि सिग्नलवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये बसणारा हलका हिसका त्यानंतर गेला.

टायरांवर ३ लाख ८ हजार गेले. दोन पूर्ण संच, आणि त्याशिवाय तीन सुटे टायर, तिन्ही खड्ड्यांनी मारलेले. १९ इंची चाकाला टायरची भिंत बुटकी असते. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, धक्का भिंतीवर बसतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढा फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. आमच्या देवगडच्या फेऱ्या त्यानंतरच्या आणि तीनपैकी दोन टायर त्याच टप्प्यातले. आणखी एक गोष्ट पहिल्या संचाच्या वेळी मला ठाऊक नव्हती : टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असतानाच म्हातारे होतात. माझे ३० हजार किलोमीटरांवर कडक होऊन त्यांना भेगा पडल्या होत्या.

बाकीचे थोडक्यात. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड चारही चाकांना एकदा, १ लाख १० हजार. कूलंटचा प्लॅस्टिकचा पाइप ठिसूळ होऊन फुटला, ५२ हजार. बॅटऱ्या दोन, ६४ हजार. पहिली मार्च २०२० च्या टाळेबंदीत उभ्या गाडीत संपली. नवी बसवल्यावर संगणकात तिची नोंद करावी लागते, त्यामुळे नाक्यावरचा बॅटरीवाला इथे उपयोगी पडत नाही. चौथ्या वर्षापासूनच्या नेहमीच्या सर्व्हिसचे पाच वर्षांत सव्वादोन लाख.

विमा हे वेगळे प्रकरण आहे. थर्ड पार्टीचा दर सरकारी, १५०० सीसीच्या वरच्या गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये. खरा पैसा स्वतःच्या नुकसानीच्या भागात जातो. चौथ्या वर्षी किंग्ज सर्कलला एका रिक्षाचा हलका स्पर्श झाला. हेडलाइटची काच शाबूत, दिवा चालू, फक्त आत ती धरून ठेवणारा नखाएवढा प्लॅस्टिकचा कान तुटला. तो कान सुटा मिळत नाही. संपूर्ण हेडलाइटचे बिल २ लाख ६० हजार झाले. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारे जादा कलम, असल्यामुळे विम्याने ते भरले, पण नो क्लेम बोनस शून्यावर आला. साधारण पाच वर्षांनंतर झिरो डेप मिळणे अवघड होते, आणि ते नसले की रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात; म्हणजे गाडीचे खर्च वाढू लागतात नेमके तेव्हाच विम्याचे छत्र विरळ होते. पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान भरून देणारे इंजिन प्रोटेक्शन मात्र मी एकाही वर्षी सोडले नाही. पावसात पाणी तुंबणारा हिंदमाता परिसर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि २६ जुलै २००५ चा पूर मी याच भागात पाहिलेला आहे. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला की सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी पॉलिसी याला मालकाच्या चुकीतून झालेले नुकसान म्हणून नाकारू शकते. गाडी उंच आहे म्हणून पाण्यात घालण्याची खुमखुमी येते. ड्रायव्हरला याबाबत लेखी सूचना दिलेली आहे.

मुंबईतल्या आणखी एका खर्चाची नोंद वहीत नाही, पण तो येऊ घातला आहे. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाते आहे. बिल्डरच्या नकाशात यांत्रिक पार्किंग आहे आणि त्याच्या एका पाटाची मर्यादा २००० किलो. चारशे किलो जास्तीची ही गाडी तिथे चढणार नाही, म्हणून जमिनीवरची जागा मिळवण्यासाठी सोसायटीच्या सभेत मला जे बोलावे लागले, ते ऐकून वडील नंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हते.

तुलनेसाठी घरातच एक उदाहरण आहे. मेहुण्यांची इनोव्हा क्रिस्टा २०१६ ची, मीटरवर १ लाख ९० हजार. लोखंडी स्प्रिंग, साधी चाके, डिकीखाली स्टेपनी. त्यांच्या नऊ वर्षांच्या देखभालीचा आकडा माझ्या टायर आणि सस्पेन्शनच्या बेरजेपेक्षा कमी आहे, आणि किमतीच्या प्रमाणात तिचा भावही कितीतरी टिकून आहे. मधल्या रांगेत बसणाऱ्याला इनोव्हात काही कमी पडते असेही नाही. फरक आहे तो रात्री साडेचारशे किलोमीटर करून देवगडला उतरल्यावर जाणवतो : या गाडीतून आई सरळ उभी राहून स्वयंपाकघरात जाते, इनोव्हातून उतरल्यावर आधी ओटीवर बसते. इंजिनाने आठ वर्षांत एकदाही वाटेत सोडले नाही, तेलाचा एक थेंब जमिनीवर पडला नाही, दार बंद होतानाचा आवाज पहिल्या दिवसासारखाच आहे. तिसरी रांग मात्र बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच समजावी. आमची मुले आता तिथे बसायला नकार देतात.

अशी गाडी चार-पाच वर्षांची होऊन चाळीस लाखांच्या आत मिळू लागते आणि अनेकांना मोह होतो. घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असल्यामुळे तो मोह अगदीच अनाठायी नाही. पण पार्टच्या किमती नव्या गाडीच्याच राहतात, एवढे धरून वर्षाला अडीच लाख बाजूला ठेवण्याची तयारी असेल तरच हात घालावा. पाहायला जाताना मीटरवरच्या किलोमीटरांबरोबर सरासरी वेग पाहावा आणि तास काढावेत. टायरवरचे चार आकडे वाचावेत. आणि मालकाला विनंती करून गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, चारही कोपऱ्यांची उंची हाताच्या वितीने मोजावी. मालक या विनंतीला नकार देत असेल तर तेच उत्तर समजून परत यावे.

१७ लाखांना मी ती विकणार नाही. ज्या घसाऱ्याचे पैसे भरून झाले आहेत, त्याचा उपयोग आता सुरू झाला आहे. यापुढे वर्षाला तिची किंमत दीड-दोन लाखांहून अधिक उतरेल असे वाटत नाही. गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी पुढच्या दोन बलूनवर साबणाचे पाणी मारून पाहिले. डावा कोरडा निघाला, उजव्याच्या घडीत दोन बुडबुडे आले. या वेळी चालढकल न करता त्याच दिवशी दोन्हींचे आगाऊ पैसे भरले, १ लाख ३० हजार. गणपतीला आईला देवगडला न्यायचे आहे आणि माल यायला तीन आठवडे लागतात.